स्टॅटिक की डायनॅमिक? आमच्या वाचनालयाच्या वेबसाइटचे नऊ महिने

8 जून 2024, दुसरा शनिवार. आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाची सभा होती आणि विषय क्रमांक 4 होता, 'वाचनालयाचे संकेतस्थळ तयार करणे'. टेबलावर दोन कोटेशनं. एकावर लिहिलेलं, 'स्टॅटिक वेबसाइट, 5 पाने, रु. 6,500'. दुसऱ्यावर, 'डायनॅमिक वेबसाइट, रु. 28,000 अधिक जीएसटी'. अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं, "या दोन्हींत नेमका फरक काय?" कोणालाच सांगता येईना. दुसरं कोटेशन देणारा माणूस "डायनॅमिकमध्ये फोटो हलतात" एवढंच सांगून गेला होता. फोटो हलावेत म्हणून साडेएकवीस हजार जास्त मोजायचे की काय, यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी कार्यवाह माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुम्ही जरा समजून घ्या आणि पुढच्या सभेत सांगा."

मी तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात अकरा वर्षं ग्रंथपाल आहे. संगणक मला पत्रं टाइप करण्यापुरता आणि एक्सेलपुरता येत होता. ज्यांच्यावर शाळेची, पतसंस्थेची किंवा एखाद्या मंडळाची वेबसाइट अशीच अचानक येऊन पडली आहे, त्यांच्यासाठी हे सगळं तारखांसकट लिहून ठेवतेय.

पहिला आठवडा मी नुसते व्हिडिओ बघण्यात घालवला. त्यानं डोकं जड झालं, हाती काही लागलं नाही. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, बघत बसू नकोस. नोटपॅड उघड आणि एक पान लिही." मग एका रविवारी वाचनालय बंद असताना मी तिथल्या जुन्या विंडोज 7 च्या मशीनवर बसले. वाचनालयाचं नाव, पत्ता, वेळा एवढंच टाइप केलं आणि भाच्यानं सांगितल्याप्रमाणे फाइलला 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' नाव दिलं. एचटीएमएल म्हणजे वेबची पानं लिहिण्याची भाषा. सेव्ह करताना एक इशारा आला, मी तो न वाचता 'ओके' केलं. फाइलवर दोनदा क्लिक केल्यावर ब्राउझर उघडला आणि त्यात ओळीनं प्रश्नचिन्हं. नावाच्या जागी प्रश्नचिन्हं, पत्त्याच्या जागी प्रश्नचिन्हं. नोटपॅडमध्ये फाइल परत उघडली तर तिथंही तीच, मूळ मजकूर गेलेला. त्या जुन्या नोटपॅडमध्ये फाइल आपोआप 'एएनएसआय' पद्धतीनं जतन होते आणि त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नसते. सेव्ह करतानाच्या चौकटीत खाली 'एन्कोडिंग' असतं, तिथं 'यूटीएफ-8' निवडायचं, त्यात देवनागरी बसते. शिवाय पानाच्या वरच्या भागात ब्राउझरसाठी तशी सूचनाही लिहायची. विंडोज 10 च्या नंतरच्या आवृत्त्यांत नोटपॅड स्वतःच यूटीएफ-8 घेतं. पण वाचनालयांतली आणि शाळांमधली मशीनं बरीचशी जुनी असतात, म्हणून हे आधीच सांगितलं.

दुसऱ्यांदा सगळं टाइप केलं. वाचनालयाचं नाव मोठ्या अक्षरांत पडद्यावर आलं तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन पावलं मागे जाऊन ते बघितलं.

हे झालं स्टॅटिक पान. एकदा लिहून ठेवलेली फाइल. कोणीही मागितली की सर्व्हर, म्हणजे साइटची पानं ठेवलेला संगणक, ती जशीच्या तशी उचलून देतो. आमच्या दारातल्या सूचनाफलकावर वेळापत्रक लावलेलं असतं तसं. सकाळी आठला येणाऱ्यालाही तेच दिसतं, संध्याकाळी येणाऱ्यालाही तेच, आणि ते वाचून दाखवायला आत कोणी बसलेलं असावं लागत नाही. टिम बर्नर्स-ली या संगणकतज्ज्ञांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत वेब सुरू केलं तेव्हा तिथली पानंही अशीच होती.

आणि फोटो हलण्याचा या सगळ्याशी संबंध नाही. फोटो हलवणारा प्रोग्रॅम जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत असतो आणि वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालतो, सर्व्हरनं दिलेली फाइल तीच असते. म्हणजे फोटो सरकत असलेलं पानही स्टॅटिक असू शकतं आणि एकही फोटो नसलेलं, नुसत्या अक्षरांचं पान डायनॅमिक असू शकतं. हे मी जुलैच्या सभेत सांगितलं तेव्हा कोषाध्यक्षांनी 28,000 चं कोटेशन पुन्हा काढून वाचलं. मागितलेलं काय होतं? आमच्याविषयी, कार्यकारी मंडळ, वेळा, छायाचित्रं, संपर्क. यातलं एकही पान प्रत्येक वाचकासाठी वेगळं बनवायची गरज नव्हती. सभेनं ठराव केला की पानं ग्रंथपालांनीच बनवावीत, खर्च फक्त डोमेनचा, म्हणजे साइटच्या नाव-पत्त्याचा.

डोमेनचा खर्च 599 रुपये, 18 टक्के जीएसटी धरून 707. काम पाच मिनिटांचं, पण लागले बारा दिवस. संस्थेचं खातं अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष यांच्या संयुक्त सहीचं. त्यावर डेबिट कार्ड नाही, नेटबँकिंग नाही, आणि डोमेन विकणारे चेक घेत नाहीत. शेवटी मी माझ्या कार्डावरून पैसे भरले, बिल वाचनालयाच्या नावावर घेतलं आणि व्हाउचर जोडून चेकनं परत घेतले. बिलावरचं नाव आधी तपासा. माझ्या नावावर आलेलं पहिलं बिल लेखापरीक्षणात चाललं नसतं, ते बदलून घेण्यातच आठवडा गेला. आणखी एक काळजी घ्या. डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर घ्या, साइट बनवून देणाऱ्याच्या नाही. शेजारच्या तालुक्यातल्या एका संस्थेचं डोमेन असंच दुसऱ्याच्या नावावर होतं. तो माणूस गाव सोडून गेला आणि संस्थेला नव्या नावानं सुरुवात करावी लागली. पहिल्या वर्षाचा दर बघून भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा. आम्हाला तेव्हा पुढच्या वर्षासाठी 849 सांगितला होता.

पानं ठेवायला गिटहब या, प्रोग्रॅम लिहिणारे आपल्या फाइली ठेवतात त्या साइटची मोफत सोय वापरली. खातं काढायचं, फाइली चढवायच्या, सेटिंग्जमध्ये 'पेजेस' सुरू करायचं. 26 जुलैला संध्याकाळी डोमेन त्याला जोडलं. माझ्या मोबाइलवर रात्री नऊला साइट दिसली आणि अध्यक्षांच्या मोबाइलवर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नाही. मला वाटलं, माझ्या हातून काहीतरी बिघडलं. रात्री दोनदा उठून सेटिंग बदलली, त्यामुळे वाट आणखी लांबली. डोमेनचं नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं याची नोंद ठिकठिकाणी काही तास साठवलेली असते. जुनी नोंद संपेपर्यंत प्रत्येकाला वेगळं दिसू शकतं. एक-दोन दिवस हात न लावता थांबायचं.

ऑगस्ट छान गेला. सात पानं झाली होती आणि मी दर शनिवारी नवीन पुस्तकांची नावं हातानं भरत होते.

1 सप्टेंबरपासून वाचनालयाची संध्याकाळची वेळ बदलली, चारऐवजी साडेचार. वेळ प्रत्येक पानाच्या तळाशी होती, म्हणजे सात फाइलींत सात वेळा बदलायची. मी सहा बदलल्या. 'देणगी' हे पान राहून गेलं, आणि नेमकं तेच पान बघून एक निवृत्त शिक्षिका पावसात चारला येऊन अर्धा तास दाराशी उभ्या राहिल्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला फार वाईट वाटलं. स्टॅटिक पानांची ही खरी अडचण आहे. प्रत्येक पान सुटं असतं आणि एकाला बदललेलं दुसऱ्याला कळत नाही. एका साच्यावरून सगळी पानं आधीच तयार करून देणारे जेकिल, ह्यूगो यांसारखे प्रोग्रॅम असतात. त्यातून निघालेली पानं स्टॅटिकच राहतात, फक्त आपले कष्ट वाचतात. ते मला फार उशिरा कळलं.

दुसरी अडचण मोठी होती. साइट दिसू लागल्यापासून फोन वाढले. "अमुक पुस्तक आहे का हो?" आमच्या दाखल नोंदवहीत 18,400 पुस्तकं आहेत. भाबडेपणानं मी एक्सेलमधली सगळी यादी एकाच पानावर टाकून बघितली. साध्या मोबाइलवर ते पान उघडेपर्यंत माणूस कंटाळून जाईल, आणि उघडलं तरी त्यात शोधायचं कसं? वाचकाला 18,400 नावं नको असतात, त्याला एक हवं असतं. काउंटरवर आपण काय करतो? समोरचा विचारतो, आपण नोंदवही बघतो आणि त्याच्या प्रश्नापुरतं उत्तर देतो. हे काम फलक करू शकत नाही.

भाचा म्हणाला, "आता तुला डायनॅमिक लागेल." त्यानं एक्सॅम्प नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकायला सांगितलं. आपल्याच संगणकाला सर्व्हर बनवून सराव करता येतो. मी पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत तीन ओळींची फाइल लिहिली, 'आता वाजले आहेत' आणि पुढे वेळ. नेहमीप्रमाणे फाइलवर दोनदा क्लिक केलं. वेळ दिसलीच नाही, मी लिहिलेला कोडच समोर आला. तीच फाइल एक्सॅम्पच्या 'एचटीडॉक्स' फोल्डरमध्ये ठेवून 'लोकलहोस्ट'च्या पत्त्यानं उघडली, आणि वेळ दिसली. पान ताजं केलं, सेकंद पुढे गेले. पुन्हा ताजं केलं, पुन्हा पुढे. मग भाच्यानं पानावर उजवं क्लिक करून 'व्ह्यू पेज सोर्स' बघायला सांगितलं. तिथं पीएचपीचा मागमूस नव्हता. फक्त साधं एचटीएमएल आणि त्यात त्या क्षणाची वेळ.

माझ्या डोक्यात फरक पक्का बसला तो तिथं. ब्राउझरला दोन्हीकडून एचटीएमएलच मिळतं. स्टॅटिकमध्ये ते आधीच लिहून ठेवलेलं असतं. डायनॅमिकमध्ये कोणीतरी मागितल्यावर सर्व्हरवरचा प्रोग्रॅम ते त्याच वेळी लिहून देतो. रेल्वेचा पीएनआर टाकल्यावर येणारं पान किंवा गट क्रमांक टाकल्यावर दिसणारा सातबारा आधीपासून फाइल म्हणून पडलेला नसतो. माझी फाइल दोनदा क्लिक करून उघडली तेव्हा मध्ये तो लिहिणारा नव्हता, म्हणून कच्चा कोड दिसला. समजून घ्यायचं असेल तर हा प्रयोग स्वतः करून बघा, अर्धा तास पुरतो.

त्या पानावरचं घड्याळ साडेतीन तास मागे होतं, हेही सांगते. एक्सॅम्पमध्ये वेळ बर्लिनची लावलेली असते, ती सेटिंगमध्ये 'एशिया कोलकाता' करावी लागते. मी अख्खी संध्याकाळ कोडमध्ये चूक शोधत बसले होते.

मग ऑक्टोबर आणि अर्धा नोव्हेंबर यादीत गेला. वेबसाइटचं काम म्हटलं की लोक कोडचं बोलतात, पण आमचा सगळ्यात जास्त वेळ यानं खाल्ला. 2015 पूर्वीच्या नोंदी जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेल्या. फाँट काढला की खाली इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. त्या युनिकोडमध्ये, म्हणजे फाँट बदलला तरी अक्षर तेच राहतं अशा पद्धतीत, बदलून घेतल्या आणि जोडाक्षरं दोन विद्यार्थिनींकडून एकेक तपासून घेतली. प्रत्येकीला 3,000 रुपये मानधन दिलं. त्यासाठी सभेत वेगळा ठराव लागला.

यातून एक गोष्ट लक्षात आली, ती मराठी यादी करणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल. 'ॲ' हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं. एकदा ते स्वतंत्र अक्षर असतं, एकदा 'अ' वर अर्धचंद्र देऊन बनवलेलं असतं. डोळ्यांना सारखंच दिसतं, संगणकाला वेगळं. एका मुलीनं एका तऱ्हेनं टाइप केलं होतं, दुसरीनं दुसऱ्या. त्यामुळे 'ॲ'नं सुरू होणारी निम्मी पुस्तकं शोधात सापडत नव्हती. 'ऱ्या'चंही तसंच. 'किनाऱ्यावर' हा शब्द तीन ठिकाणी टाइप करून बघा. लेखकांच्या आद्याक्षरांपुढे कोणी जागा सोडतं, कोणी टिंब देतं, कोणी दोन्ही. आम्ही एक नियम ठरवून कागदावर लिहून भिंतीला लावला आणि सगळी यादी त्याप्रमाणे करून घेतली. शोधाच्या चौकटीत वाचकानं काहीही टाइप केलं तरी प्रोग्रॅम आधी ते त्याच नियमात बसवतो आणि मग शोधतो.

गिटहबच्या मोफत सोयीत पीएचपी चालत नाही, तिथं फक्त तयार फाइली दिल्या जातात. म्हणून 18 नोव्हेंबरला शेअर्ड होस्टिंग, म्हणजे इतरांसोबत वाटून घेतलेली सर्व्हरवरची भाड्याची जागा, घेतलं, वर्षाचे 2,388 आणि जीएसटी, एकूण 2,818 रुपये. आठवडाभरात स्टॅटिक पानंही तिथंच हलवली. यादी मायएसक्यूएल या डेटाबेसच्या, म्हणजे नोंदी साठवून त्यात शोधू देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, तक्त्यात चढवली आणि पुन्हा तीच प्रश्नचिन्हं. जूनमधला रविवार आठवला, पोटात गोळा आला. या वेळी कारण तक्त्याच्या सेटिंगमध्ये होतं. तिथं 'लॅटिन1 स्वीडिश' असं काहीतरी लिहिलेलं. मायएसक्यूएल स्वीडनमधल्या कंपनीनं बनवलेलं, म्हणून जुन्या आवृत्त्यांत ती भाषा आपोआप लागते. ते 'यूटीएफ8एमबी4', म्हणजे इथलं यूटीएफ-8, करावं लागतं, आणि यादी चढवण्याच्या आधी. एकदा अक्षरांची प्रश्नचिन्हं झाली की सेटिंग बदलून ती परत येत नाहीत. तक्ता पुसून पुन्हा चढवला.

डिसेंबरात भाचा सुट्टीला आला. त्यानं शोधाच्या चौकटीत फक्त एक अवतरणचिन्ह टाइप केलं आणि पानावर लांबलचक चूक उमटली. तो गंभीर झाला. वाचकानं टाइप केलेलं मी जसंच्या तसं डेटाबेसच्या प्रश्नात चिकटवत होते. त्या फटीतून कोणीही आपली आज्ञा घुसवू शकतं, तक्ता पुसूही शकतं. त्यावर उपाय म्हणजे 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट'. प्रश्न आधी पक्का करायचा, वाचकाचा शब्द नंतर वेगळा द्यायचा. स्टॅटिक पानाला ही फट नसते, कारण ते तुमच्याकडून काही घेऊन चालवतच नाही. डायनॅमिक केलंत की ही जबाबदारी अंगावर येते, आणि ती वर्षभर राहते. म्हणून सभासदांची नावं आणि फोन नंबर आम्ही त्या डेटाबेसमध्ये ठेवलेच नाहीत. तिथं फक्त पुस्तकं आहेत.

मी भाच्याला विचारलं होतं, डेटाबेसशिवाय जमलं नसतं का? जमतं. यादीची एक फाइल करायची आणि जावास्क्रिप्टनं वाचकाच्या मोबाइलमध्येच शोधायचं. पण यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं. 18,400 नोंदी म्हणजे अडीच-तीन एमबी, आणि एका शोधासाठी वाचकानं तेवढं सगळं उतरवून घ्यायचं. आमच्या आसपासच्या गावांत रेंजचे हाल आहेत, म्हणून नको म्हटलं. तुमचं ग्रंथालय हजार-दोन हजार पुस्तकांचं असेल तर मात्र मी हाच मार्ग सुचवेन. होस्टिंगचे पैसे वाचतील आणि राखणही करावी लागणार नाही.

14 जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी, होस्टिंगवाल्यांचा डेटाबेस दुपारभर बंद पडला. त्यांना चार वेळा लिहिलं, संध्याकाळी सातला सुरू झाला. तेवढा वेळ पुस्तक-शोधाचं पान 'डेटाबेसशी जोडणी होत नाही' एवढंच सांगत होतं. वेळा, पत्ता, देणगी ही पानं मात्र व्यवस्थित उघडत होती, कारण त्यांना डेटाबेसची गरजच नाही. कोषाध्यक्षांचा आग्रह होता की आता सगळंच डायनॅमिक करू. त्या दिवसानंतर त्यांनीच तो सोडला. आज सात पानं स्टॅटिक आहेत, शोधाचं एक डायनॅमिक.

27 फेब्रुवारी 2025 ला, मराठी भाषा गौरव दिनाच्या छोट्या कार्यक्रमात, शोध सगळ्यांसाठी खुला केला. रोख खर्च एकूण 9,525 रुपये, आणि माझे बहुतेक रविवार.

मार्चमध्ये पंधरा किलोमीटरवरच्या गावातून एक आजोबा एसटीनं आले. नातवानं मोबाइलवर शोधून दिलेला दाखल क्रमांक त्यांनी तिकिटाच्या मागे लिहून आणला होता. मी कपाटाशी गेले तर पुस्तक आदल्याच दिवशी दुसऱ्या वाचकाकडे गेलेलं. पान त्यांच्यासाठी त्याच क्षणी तयार झालं होतं, पण ज्या तक्त्यातून झालं त्यात देवघेवीची नोंदच नव्हती. आजोबांना चहा दिला, पुस्तक त्यांच्या नावे राखून ठेवलं आणि परत आल्यावर फोन केला. तेव्हापासून देवघेव विभागातला आमचा सहकारी रोज रात्री साडेआठला, कुलूप लावण्याआधी, दिवसभर गेलेल्या आणि परत आलेल्या पुस्तकांचे क्रमांक तक्त्यात भरतो. दहा-पंधरा मिनिटं लागतात. शोधाच्या पानावर आता प्रत्येक पुस्तकापुढे 'उपलब्ध' किंवा 'वाचकाकडे' असं दिसतं, आणि खाली नोंद शेवटची कधी भरली ती तारीख.